दाराखालची पट्टी

प्रिय भुंग्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे, गुडघा ठीक आहे, गॅस बंद आहे. फोन केला असता, पण फोनवर तू 'हं, हं' करत दुसरंच काहीतरी करत असतेस आणि मला ते ऐकू येतं. ज्याचा जन्म आवाज पकडण्यात गेला त्याच्यापासून कपात फिरणारा चमचा लपत नाही. म्हणून वर्कशॉपमधल्या टेबलावरचा भुसा झटकला, पेन्सिलीला टोक काढलं आणि बसलो. पेनाने लिहिलं की खोडता येत नाही आणि मला मोजमाप चुकलं की खोडायची सवय आहे. दुपार उतरायला आली आहे. पत्र्यावरून ऊन खाली सरकतंय, उन्हात धूळ तरंगतेय, आणि मला अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतंय. अशा वेळी माणूस खरं लिहितो, असं माझं मत आहे. चूक असेल तर तू दुरुस्त करशीलच.

आधी तक्रारी. तुझ्या समुपदेशनाच्या खोलीच्या भिंतींना तू तो शेवाळी रंग दिलास, मी राखाडी सांगत होतो. आता बसून पाहिल्यावर शेवाळी बरा दिसतो, हे मी फक्त एकदाच कबूल करतोय. तुझ्यासमोरच्या खुर्चीचा मागचा डावा पाय कुरकुरतो. माणूस रडायला पुढे वाकला की नेमका तेव्हाच कुरकुरेल, तेवढं बघून घे, नाहीतर मी येतो. बाकी खोली हे माझ्या हातचं सर्वांत चांगलं काम आहे. माझ्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. सुतारानं चांगलं कपाट केलं तर लोक हात फिरवून बघतात, पण साउंडप्रूफ खोली चांगली झाली तर ती कुणाच्या लक्षातच येत नाही.

हे काम मला कुणी शिकवलं नाही, तुला माहीत आहे. भंगारवाल्याकडून आणलेलं ते पाठ नसलेलं इंग्रजी पुस्तक आणि शेजारी डिक्शनरी, एवढीच माझी शाळा. एकेका पानाला आठवडे लागायचे. तुझी आई म्हणायची, एवढ्या वेळात परीक्षा दिली असती तर साहेब झाला असता. साहेब झालो नाही, पण जे शिकलो ते पक्कं शिकलो. त्यातली पहिली गोष्ट मी तुलाही घोकून घ्यायला लावली होती: आवाज भिंत फोडून जात नाही, तो वाट शोधत जातो. अख्खी भिंत कितीही जाड बांध, दाराखाली बोटभर फट ठेवलीस तर ती भिंत नसल्यातच जमा.

आणि तुझी परीक्षा आठवते? मी कुठलीही खोली पुरी केली की तुला आत उभी करायचो आणि दार लावून घ्यायचो. तू आतून गुणगुणायचीस, म्हणून तर भुंगा. मी बाहेर भिंतीला कान लावून फिरायचो. ऐकू आलं की दारावर एकदा टकटक. टकटक म्हणजे फट आहे, काम बाकी आहे. टकटक नाही म्हणजे पास. एकदा त्या रेडिओवाल्यांच्या खोलीत मी बाहेर कुणाशी तरी बोलत राहिलो आणि तू आत इतका वेळ गुणगुणलीस की बाहेर आल्यावर तुझा आवाज बसला होता. तू रडली नाहीस. म्हणालीस, बाबा, मी पास का नापास? मालक हसून म्हणाले, मिस्त्री, हिला पगारावर ठेवा. मी सांगितलं, ही माझी पार्टनर आहे, हिला पगार नसतो.

तुझ्या खोलीच्या छताचा शेवटचा तुकडा बसला तो रविवार होता. तू पडद्याच्या कड्या आणायला बाजारात गेली होतीस. इमारतीत चिटपाखरू नव्हतं. मी दार ओढलं आणि सतरंजीवर आडवा झालो. त्या शांततेचं मला नेहमीच एक व्यसन आहे. आधी कानात शीळ वाजते, मग स्वतःच्या रक्ताचा आवाज येतो, मग तोही ओसरतो आणि आपण पाण्याखाली असल्यासारखे होतो. डोळा लागला असावा. एक लांब बोळ दिसला, दोन्ही बाजूंना पांढऱ्या कापसाच्या भिंती, आणि समोरून कुणीतरी येत होतं. पायांचा आवाज नव्हता. केसांत, भुवयांवर पांढरे तंतू. जवळ आला तेव्हा चेहरा दिसला, आणि तो चेहरा एका दिवसानेही म्हातारा झालेला नव्हता. मी मात्र स्वप्नातही आजचाच होतो, चष्म्यासकट.

त्याला आम्ही कापूस म्हणायचो. तुझ्यासमोर मी त्याचं नाव कधी घेतलं नाही, पण तो होता. तुझ्या जन्माच्या फार आधी, मी नुकता कामाला लागलो तेव्हा, एका जुन्या सिनेमाच्या थिएटरात आम्ही दोघे भिंतींच्या कापडामागे लोकर भरायचो. दिवसअखेर तो असा पांढरा व्हायचा की वॉचमन म्हणायचा, अरे, याला झटकून घरी पाठवा, आई ओळखायची नाही. जेवायला आम्ही खाली उतरायचो नाही, परांचीवरच बसायचो. परांची म्हणजे बांबूच्या मचाणावरची फळी, छताला हात लागेल एवढ्या उंचीवर. त्या वेळी ऑपरेटर मशीन तपासायला सिनेमा लावायचा, बिनआवाजाचा. खाली रिकाम्या खुर्च्या आणि समोर चित्रं हलतायत, माणसं भांडतायत, नाचतायत, आगगाडी जातेय, आणि सगळं गप्प. त्या चित्रांचा उजेड कापसाच्या शर्टावर सांडायचा. निळा, मग पिवळा, मग एकदम काळा. तो पडद्यावरच्या माणसांच्या तोंडी मनाला येईल ते संवाद घालायचा. खलनायक पिस्तूल रोखून उभा असला की हा म्हणायचा, "मामा, बटाटे संपलेत, जाता जाता घेऊन या." मी हसून हसून घास अडकेपर्यंत हसायचो. तेवढं मी नंतर कधी हसलो का, हे मोजायचा प्रयत्न केला आहे. जमलं नाही.

आमचं पुढे काय झालं असतं, माहीत नाही, कारण काही होऊच दिलं नाही. कुणीतरी कुणालातरी सांगितलं. कापसाच्या मोठ्या भावाने आणि काकांनी त्याला सल्ला देणाऱ्या एका गृहस्थांकडे नेलं. औषधांच्या दुकानामागे त्यांनी खोली घेतली होती. मध्ये प्लायवूडची फळी उभी करून तिचे दोन भाग केले होते. गृहस्थ वाईट दिसत नव्हते म्हणे. मऊ आवाज, इस्त्रीचा रुमाल. त्यांनी कापसाला पाणी दिलं आणि म्हणाले, मोकळेपणाने बोल बाळ, इथलं बोलणं इथेच राहील. आणि तो बोलला. त्याला बोलायला आवडायचंच, शिवाय एवढं प्रेमाने त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. परांची, जेवण, बिनआवाजाचा सिनेमा, सगळं सांगितलं. माझं नाव सांगितलं. म्हणाला, आयुष्यात मला एवढंच पाहिजे. फळीच्या पलीकडे भाऊ आणि काका बसले होते. त्यांना तिथे खुर्च्या देऊन गृहस्थांनीच बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीला सगळं पाठ होतं. मी रस्त्याने निघालो की पोरं विजेच्या खांबाला कान लावून उभी राहायची आणि एकमेकांना विचारायची, ऐकू आलं का रे, काय म्हणतोय? पानाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडायचं, "काय हो, सिनेमा कुठला लागलाय?" म्हातारी माणसं तोंड फिरवायची, ते त्यातल्या त्यात बरं वाटायचं. कंत्राटदाराने मला बाजूला घेऊन सांगितलं, तुझ्या कामात खोट नाही रे, पण माणसं बोलतात, मला धंदा करायचाय. माझ्या वडिलांनी काहीच विचारलं नाही. जेवताना माझ्याशी बोलायचं असेल तर ते आईला सांगायचे, त्याला म्हणावं भात घे. मी समोर बसलेला असायचो.

कापसाला शेवटचा पाहिला तो बस स्टँडवर. त्याला लांब कुठेतरी मामाकडे पाठवत होते. भाऊ तिकीट काढायला गेला होता. कापसाच्या मनगटात साधं रबरबँड होतं, आपण कागदांच्या गुंडाळीला लावतो तसलं. ही त्या गृहस्थांची युक्ती. माझी आठवण आली की रबर ताणायचं आणि सोडायचं, म्हणजे हळूहळू आठवण नकोशी होते. आतल्या बाजूची कातडी लाल झाली होती, मध्ये मध्ये फुटली होती. मी गर्दीतून पुढे गेलो. त्याने माझ्याकडे बघितलं. हसणार होता, तोंड तसं झालंही होतं. मग त्याने रबर ताणलं आणि सोडलं. पुन्हा ताणलं. मी होतो तिथेच थांबलो, कारण मी एक पाऊल टाकलं की त्याच्या हाताला एक फटका होता. आपल्या घरात रबरबँड का नसायचं, तुझ्या वेण्यांना नेहमी रिबिनी का, वर्कशॉपमध्ये सगळं सुतळीने का बांधलेलं, हे तू लहानपणी विचारायचीस. मी सांगायचो, रबर सडतं.

तुझ्या आईशी माझं लग्न झालं ते दुसऱ्या गावात बिऱ्हाड केल्यावर. तुझी आई भली बाई होती आणि तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. मी झोपेत बोलतो हे तिनेच मला सांगितलं. एकदा आजारपणात, तिच्या शेवटच्या महिन्यांत, मी तिच्या उशाला बसलो होतो तेव्हा म्हणाली, "अहो, तुम्ही झोपेत कुणाशी तरी बोलता. फार छान बोलता. जागेपणी त्याच्या निम्मं बोलला असता तर माझं काही बिघडलं नसतं." मी विचारलं, काय बोलतो? ती म्हणाली, ते तुमचं तुम्हाला माहीत, मी कशाला कान देऊ. आणि पाणी मागितलं. मी आजही त्या पाण्यापाशी अडकलेला आहे. तिला कुणाचं नाव माहीत होतं का, राग होता का, कीव होती का, विचारायचं राहून गेलं. मी तिच्याशी वाईट वागलो नाही. पण तिच्या वाट्याला एका खोलीचा माणूस आला, घर मिळालं नाही, एवढं मला कळतं.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. मी तुझ्या बाहेरच्या बाकांवरचं छत करत होतो आणि तू आत एका मुलाबरोबर होतीस. तो कोण, काय, मी तुला विचारलं नाही आणि तू सांगणारही नाहीस. त्या रात्री माझ्याकडे जेवताना मी नुसतं 'आज कसं झालं' म्हणालो तर तू म्हणालीस, मीठ कमी आहे. मला तेव्हा तुझा जो अभिमान वाटला तो तुझ्या डिग्रीच्या फोटोकडे बघून वाटला नव्हता. पण त्याचा बाप बाहेर बसला होता, ते मी तुला सांगू शकतो, कारण तो माझ्याशी बोलला, तुझ्याशी नाही. मांडीवर हेल्मेट, त्याच्या काचेवर नखाने उगाच ओरखडे काढत होता. शिडीकडे बघून म्हणाला, "मिस्त्री, आतलं काहीच ऐकू येत नाही का हो?" नाही म्हटलं. "काहीच?" काहीच. "एखादी फट राहिली असती तर बरं झालं असतं." मग आपणहूनच म्हणाला, "मॅडम म्हणतात, त्याला बदलायचं काम मी करत नाही, कारण बदलायचं काही नाहीये. आणि तो काय बोलला तेही तुम्हाला सांगणार नाही. मग मी त्याला इथे आणलाय कशाला? बाप आहे हो मी."

खरं सांगू? मला त्याचा राग यायला हवा होता. औषधाच्या दुकानामागच्या त्या फळीपलीकडे असलाच कुणीतरी बसला होता. पण याची नखं त्या काचेवरून थांबत नव्हती. मी शिडीवरूनच म्हणालो, फट राहिली असती तर तुम्हाला शब्द ऐकू आले असते, पोरगा नसता ऐकू आला. तो आतून बाहेर आला की काही विचारू नका. भूक लागली का, एवढंच विचारा. त्याने मान वर करून मला नीट न्याहाळलं. "तुम्हाला मुलं आहेत?" एक मुलगी. "लग्न झालं तिचं?" नाही. "मग तुम्हाला काय कळणार!" ती मुलगी आत बसली आहे हे मी सांगितलं नाही. थोड्या वेळाने तुझं दार उघडलं, मुलगा बाहेर आला, डोळे सुजलेले. बाप उभा राहिला, हेल्मेट खाली पडलं आणि गडगडत गेलं. त्याने ते उचललं नाही. म्हणाला, "भूक लागली का रे?" मुलगा म्हणाला, "हो." ते दोघे जिना उतरेपर्यंत मी छताकडेच तोंड करून होतो. ग्लासवूलचे काचेचे तंतू डोळ्यांत गेले की काय होतं ते तुला माहीत आहे.

पण मला सांगायचंय ते त्याच्याही आधीचं, खोली पुरी झाली त्या रविवारचं. तू कड्या घेऊन आलीस, मी सतरंजीवरून उठलो, अजून अंगावर स्वप्न होतं. तू म्हणालीस, बाबा, आज उलट. तुम्ही आत, मी बाहेर. बोला काहीतरी, ऐकू आलं तर टकटक करते. आणि दार ओढून घेतलंस. मी एरवी अशा वेळी बोर्डाच्या खोक्यावरचं लेबल मोठ्याने वाचतो. त्या दिवशी खोकं समोर होतं, तोंडही उघडलं, आणि निघालं ते भलतंच. मी म्हणालो, कापसा, मी अजून इथेच आहे. तुझ्यासारखं मला नंतर कुणी आवडलं नाही. तू रबर काढलंस का रे हातातलं? मला रोज वाटतं की तू ते काढलं असशील. हे मी मोठ्याने म्हणालो, परीक्षेसाठी बोलतात तसं, खणखणीत. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा. आणि थांबलो. टकटक झाली नाही. मला वाटलं, खोली पास. तू दार उघडलंस, पडद्याच्या कड्या मोजायला लागलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, काही ऐकू आलं नाही. काय म्हणालात? मी म्हणालो, खोक्यावरचं लेबल. रस्ता ओलांडताना तू माझं कोपर धरलंस, लहानपणी धरायचीस तसं. घरी आल्यावर माझ्या चहात साखर घातलीस. डॉक्टरांनी बंद केल्यापासून माझ्या हातातून साखरेचा डबा ओढून घेणारी तू. मला वाटलं, खोली झाल्याच्या आनंदात घातली.

आता ज्यासाठी पेन्सिलीला टोक काढलं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच तुझ्या खोलीवर गेलो होतो, दाराखालची रबराची पट्टी बसवायला. दुकानदाराने आधी चुकीच्या मापाची दिली होती, म्हणून ती राहिली होती, आणि सतरंजीसाठी दार खालून तासलेलं होतं. मी पट्टी हातात घेऊन गुडघ्यांवर बसलो आणि खाली बोट घातलं. बोट आरपार गेलं. मी उठलो, खिशातला रेडिओ आत खुर्चीवर लावून ठेवला, दार ओढलं आणि काल तू उभी होतीस तिथे उभा राहिलो. दूध महागणार, संध्याकाळी धुकं पडणार, सगळं ऐकू आलं, शब्द न् शब्द. पट्टी मी त्यानंतर बसवली. आदल्या दिवशी खोली शांत होती ती माझ्या कामाने नव्हे, रविवारने. म्हणजे तू ऐकलंस, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि टकटक केली नाहीस. तेव्हापासून हे मी मनात धरून आहे. आधी लाज वाटली, मग तुझ्या आईच्या वतीने तुला काय वाटलं असेल याने जीव थोडा झाला, आणि मग त्या बापाच्या हेल्मेटचा आवाज ऐकताना उलगडलं. त्या गृहस्थांनी भिंत आहे सांगून फट ठेवली होती. तू फट असताना भिंत झालीस. कापसाला त्या दिवशी जे मिळायला हवं होतं ते मला मिळालं, एवढ्या वर्षांनी, माझ्याच लेकीकडून. पण भुंग्या, मी तुझ्याकडे आलेला कुणी पेशंट नाही, तुझा बाप आहे, आणि मला आता बंद खोलीत खरं बोलून बाहेर लेबल वाचल्याचं सांगायचं नाही. म्हणून हे पुन्हा, खोडरबर न वापरता, तुला उद्देशून लिहिलं आहे. आईबद्दल विचारायचं असेल ते विचार, रागवायचं असेल तर रागव. बाकी जे साचलंय ते मला कुणाशी तरी नीट बोलायचं आहे. तुझ्याच नियमांप्रमाणे ते माणूस तू असून चालणार नाही, तेव्हा तुझ्यासारखं दार लावणारं कुणी असेल तर नाव सांग. आणि रविवारी घरी ये. मी आत असेन. दार नुसतं ओढून ठेवीन, कडी लावणार नाही. काही बोलायची गरज नाही. फक्त आत येण्याआधी आपला नियम पाळ. ऐकू आलं असेल तर एकदा टकटक कर.

भिंतीच्या अलीकडून आणि पलीकडूनही तुझाच,
बाबा